पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर: हळद-आवळ्याचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे थांबवायचं

दिवाळीनंतर चोइथराम मंडीत आवळ्याचे ढीग लागले की इंदूरच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जुना संदेश पुन्हा फिरू लागतो. रोज दोन आवळे, चमचाभर हळद, सकाळी ग्रीन टी, आणि पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, कॅन्सर जवळही फिरकणार नाही. हाच संदेश जरा वाढवून, ज्यांना कॅन्सर झाला आहे त्यांच्या घरीही जातो. तिथे आवळा-हळदीच्या कॅप्सूल झालेल्या असतात आणि सोबत कुणाच्या तरी नणंदेचा अनुभव जोडलेला असतो.

आवळा जरूर खा. बाकी सगळं एका प्रश्नावर ठरतं: तुम्ही आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आहात? निरोगी बाईच्या आमटीतली हळद निव्वळ अन्न असते. तीच हळद दाट अर्काच्या कॅप्सूलमधून रेडिएशन चालू असलेल्या बाईच्या पोटात गेली, तर उपचाराच्या आड येऊ शकते. म्हणून पुढचं सगळं टप्प्यांनुसार सांगते. तुमचा टप्पा कोणता ते आधी ओळखा आणि तो भाग नीट वाचा.

आधी शत्रू कोण ते

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे जवळजवळ प्रत्येक वेळी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा विषाणू असतो. त्याच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांकडेच सुमारे ७० टक्के केसेस जातात. हा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. लैंगिक संबंध सुरू झाल्यावर बहुतेक स्त्रीपुरुषांना हा विषाणू कधी ना कधी भेटतोच. त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगायला हवं. बहुतेक वेळा शरीर एक-दोन वर्षांत त्याला स्वतःच हाकलतं. थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडतो. त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशींचे दोन पहारेकरी, पी५३ आणि आरबी, निकामी करतात. तिथून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीवर उपचार न घेतलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या स्त्रीत हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो. भारतात २०२२ मध्ये या आजाराच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू असा अंदाज आहे.

यात अँटिऑक्सिडंट कुठे येतात? विषाणू टिकून राहिला की तिथे दाह चालू राहतो, पेशींत मुक्त कण (फ्री रॅडिकल) वाढतात आणि डीएनएला इजा होत राहते. ही इजा विषाणूच्या पथ्यावर पडते. भाज्या-फळांतली क जीवनसत्त्व, कॅरोटिनॉइड, पॉलिफेनॉल ही द्रव्यं, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, मुक्त कणांना आवर घालतात. म्हणून ती भरपूर खाणाऱ्या स्त्रियांमध्ये हा आजार कमी दिसावा, असा विचार पुढे आला आणि काही निरीक्षणांत तसं दिसलंही. पण भाज्या-फळं भरपूर खाणारी बाई बहुधा सिगारेट ओढत नाही, तपासणीला जाते आणि तिच्या हातात पैसाही थोडा जास्त असतो. श्रेय कोणाचं, हे निव्वळ निरीक्षणातून ठरत नाही.

पहिली पायरी स्वयंपाकघराबाहेरची आहे

लेख वनस्पतींवर आहे, तरी क्रम चुकवून चालणार नाही. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर तिला एचपीव्हीची लस द्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर चालते. या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात. १५ ते २६ या वयात तीन. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयासाठी एक डोसही चालेल असं म्हटलं आहे. सरकारी केंद्रावर काय मिळतं ते आशाताईंना विचारा. लागण आधीच झाली असेल तर ती या लसीने बरी होत नाही, म्हणून ती लवकर द्यायची.

तुम्ही तिशी ओलांडली असेल तर तुमच्यासाठी तपासणी आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी करण्याची तरतूद आहे. गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरे चट्टे दिसतात का ते बघतात. पाळी गेल्यानंतर बघायचा भाग आत सरकतो, त्यामुळे व्हीआयए तितकीशी भरवशाची राहत नाही. अशा वेळी एचपीव्ही तपासणी बरी. पॅप स्मीअर दर तीन वर्षांनी करतात. तपासणीच्या आधीचे दोन दिवस संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या आणि धुणं टाळा, आणि पाळीचे दिवस सोडून तारीख घ्या. तुरटीच्या किंवा हळदीच्या पाण्याने आतून धुण्याची सवय असेल तर ती कायमचीच सोडा. त्याने तिथले उपयोगी जंतू जातात.

तपासणीने खरंच किती फरक पडतो, हे आपल्याच मराठी मुलखात तपासलं गेलं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्याही फळाच्या, पाल्याच्या किंवा मुळाच्या नावावर असा पुरावा नाही.

संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणं, अंगावरून वास येणारं पाणी जाणं, यांपैकी काही असेल तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. काढा महिनाभर घेऊन बघू, असा विचार इथे नको.

दुसरी पायरी: ताट

निरोगी असाल किंवा फक्त लागण निघाली असेल, तर वनस्पतींना इथे मोकळं रान आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. घरातल्या बाईच्या ताटात प्रत्यक्षात किती भाजी उरते, ते एक दिवस वजन करून बघा. सगळ्यांचं वाढून झाल्यावर आपल्या वाट्याला रस्सा आणि दोन बटाटे, ही अनेक घरांतली गोष्ट आहे. बदल इथूनच करायचा आहे, त्यासाठी महागडं काही लागत नाही.

माळव्याचा हिवाळा यासाठी मोठा सोयीचा. पालक, मेथी, चाकवत (इथल्या मंडीत बथुआ म्हणून मागा), हिरवा हरभरा, गाजर, मुळा, पेरू, आवळा, सगळं एकदम येतं. पालेभाज्यांतून फोलेट मिळतं, गाजर-पालकातून कॅरोटिनॉइड, आवळा-पेरूतून क जीवनसत्त्व. पण शिजवण्याची पद्धत बदलली की हाती येणारा फायदाही बदलतो.

क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात उकळून जातं. म्हणून आवळा कच्चा खा, किसून कोशिंबिरीत घाला, किंवा मिठाच्या पाण्यात मुरवा. मुरांबा चवीला झकास, पण त्यात साखर इतकी की त्याला औषध म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. टोमॅटोचं उलट: त्यातलं लायकोपीन तेलात शिजवल्यावर अंगाला जास्त लागतं. गाजर आणि पालक यांनाही थोडं तेल-तूप हवंच.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या घराण्याची गंमत वेगळी. त्यांतली उपयोगी गंधकयुक्त द्रव्यं भाजी चिरल्यावर एका एन्झाइममुळे तयार होतात आणि ते एन्झाइम उष्णतेने मरतं. म्हणून कोबी चिरून थोडा वेळ तसाच ठेवा आणि मग झटपट परता. फार शिजला असेल तर वरून थोडी कच्ची मोहरीची पूड घाला. मोहरीत तेच एन्झाइम असतं, आणि शिजलेल्या भाजीला असा हातभार लागतो हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. आपल्या आज्या कोशिंबिरीत मोहरी फेसून घालत, ती चवीसाठी. फोडणीत तडतडलेल्या मोहरीचा मात्र इथे उपयोग नाही.

आता पोहे. इंदुरी पोह्यांवर जिरावण, शेव आणि लिंबू असतं. त्यातलं लिंबू सोडू नका, कारण वनस्पतींमधलं लोह क जीवनसत्त्वाबरोबर चांगलं शोषलं जातं. पण पोह्यांबरोबरच कपभर कडक चहा घेतला, तर चहातली पॉलिफेनॉलं तेच लोह बांधून टाकतात. अँटिऑक्सिडंट म्हणून ज्यांचं कौतुक चालतं तीच ही द्रव्यं. अंगावरून जास्त जात असल्याने रक्त कमी झालेल्या बाईने चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. ग्रीन टीलाही हाच नियम.

हळद आमटी-भाजीत रोजची तेवढीच. सियागंजातून आणताना भुकटीऐवजी हळकुंडं घ्या आणि गिरणीतून दळून आणा. फार झगझगीत पिवळ्या सुट्या हळदीत शिशाचं क्रोमेट मिसळण्याचे प्रकार उपखंडात सापडले आहेत. आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, तर तिथे आधी लक्ष द्या. धूम्रपानाने या कॅन्सरचा धोका वाढतो. तंबाखूतली द्रव्यं गर्भाशयमुखाच्या स्रावातही सापडतात.

तिसरी पायरी: रिपोर्टवर काही निघालं तर

‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ किंवा ‘सीआयएन’ (गर्भाशयमुखाच्या पेशींतला कॅन्सरच्या आधीचा बदल, १ सौम्य ते ३ तीव्र) असं लिहून आलं की पाठोपाठ काढे सुचवणारी माणसं येतात. त्यांना खोटं म्हणायचं कारण नाही. त्यांनी काढा दिला आणि पुढचा रिपोर्ट चांगला आला, हे बहुधा खरंच घडलेलं असतं. पण सीआयएन १ मध्ये निम्म्याहून जास्त स्त्रियांचा बदल काही न करताही मागे फिरतो. कुठल्याही वनस्पतीचा दावा तपासताना तो न घेणाऱ्यांचं काय झालं, हे विचारावंच लागतं.

भारतातला एक अभ्यास यासाठी फार उपयोगी आहे. हळदीतलं करक्युमिन, रिठा, आवळा आणि कोरफड असलेलं ‘बसंत’ नावाचं क्रीम एचपीव्ही असलेल्या स्त्रियांना ३० दिवस योनीतून लावायला दिलं. २०१३ मध्ये आलेल्या निकालात ८७.७ टक्के स्त्रियांचा विषाणू गेलेला दिसला. फक्त करक्युमिनच्या कॅप्सूल योनीत ठेवणाऱ्यांत ८१.३ टक्के. आणि ज्यांना निव्वळ दिखाऊ औषध दिलं होतं त्यांच्यात? ७३.३ टक्के! क्रीमने काहीतरी भर घातली, हे खरं. ती आशादायक आहे, पण अभ्यास लहान होता आणि कॅन्सर टळतो का हे त्यात तपासलेलं नव्हतं. ‘८७ टक्के यश’ एवढाच आकडा जो सांगतो, तो ७३ चा आकडा गिळून बसलेला असतो.

पोटातून घेण्याच्या अर्कांची कथा आणखी फिकी. ग्रीन टीचा शुद्ध अर्क चार महिने देऊन पाहिला, तर ठाण मांडलेल्या एचपीव्हीत किंवा सीआयएन १ मध्ये दिखाऊ गोळीपेक्षा फरक पडला नाही. ग्रीन टीच्याच अर्काचं मलम २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आहे, पण ते जननेंद्रियाच्या बाहेरच्या कातडीवरच्या मस्सांसाठी (चामखिळींसाठी). गर्भाशयमुखासाठी नव्हे. कोबीतल्या द्रव्यापासून बनणाऱ्या डीआयएमची चाचणी ब्रिटनमध्ये ५५१ स्त्रियांवर झाली, तिथेही फरक नाही. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या सीआयएनवर अनेकदा तपासल्या गेल्या, हाती काही लागलं नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना त्याच गोळ्या दिल्या, तर फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. गाजर खाणं आणि गाजरातलं एक द्रव्य उपसून गोळीत भरणं यांत इतकं अंतर आहे.

हळदीचं गणितही करून बघा. तैवानमध्ये २००१ साली रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत करक्युमिन दिलं. हळदीत करक्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास धरलं, तर ही रोजची पाव किलोहून जास्त हळद झाली. तरी रक्तात ते अगदी थोडं पोचलं. त्या अभ्यासात सीआयएन असलेल्या चार स्त्रिया होत्या. एकीत सुधारणा दिसली, एकीत औषध चालू असतानाच कॅन्सर झाला. ‘हळदीने कॅन्सरच्या पेशी मारल्या’ हे व्हिडिओतलं वाक्य बहुतेक वेळा काचेच्या बशीतल्या पेशींबद्दल असतं. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध हेला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधूनच घेतलेल्या. बशीत द्रव्य थेट पेशींवर ओतता येतं. पोटातून जाताना यकृत वाटेत असतं.

मग करायचं काय? सीआयएन १ असेल तर डॉक्टर बहुधा थांबून पुन्हा तपासायला सांगतील. त्या काळात वर सांगितलेलं ताट चालू ठेवा, तंबाखू बंद करा, आणि पुढची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. सीआयएन २ किंवा ३ असेल तर वाट बघायची की उपचार घ्यायचे हे कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून बघणं) आणि बायोप्सीवर ठरतं. तो भाग उष्णतेने जाळणं किंवा थंडाव्याने गोठवणं, नाहीतर तारेच्या लूपने काढणं, ही छोटी कामं आहेत आणि बहुधा त्याच दिवशी घरी येता येतं. सीआयएन ३ ला हात न लावल्यास काय होतं, हे न्यूझीलंडच्या जुन्या, आज लाजिरवाण्या ठरलेल्या नोंदींतून कळलं: ३० वर्षांत जवळपास ३१ टक्के स्त्रियांना कॅन्सर झाला. इथे काढ्यावर घालवलेलं वर्ष फार महाग पडू शकतं.

चौथी पायरी: उपचार चालू असताना कपाट रिकामं करा

पुढे गेलेल्या आजारात सहसा पाच आठवड्यांचं बाहेरून रेडिएशन, आठवड्यातून एकदा सिसप्लाटिन हे केमोचं औषध आणि मग आतून दिलं जाणारं रेडिएशन, असा क्रम असतो. सगळं मिळून आठ आठवड्यांत संपवायचा प्रयत्न असतो, कारण लांबलं की परिणाम कमी होतो. रेडिएशन पेशी मारतं ते बऱ्याच अंशी मुक्त कण तयार करूनच. मग त्याच वेळी मुक्त कण विझवणाऱ्या गोळ्या मोठ्या मात्रेत घ्यायच्या का? डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन देऊन पाहिलं गेलं. त्रास कमी झाला, पण आजार परतण्याची चिंता वाढली. स्तनांच्या कॅन्सरच्या एका अमेरिकन अभ्यासात केमोच्या काळात अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्यांत आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पिशवीच्या तोंडासाठी असा थेट मोठा पुरावा नसला, तरी माझं मत स्पष्ट आहे: या आठ आठवड्यांत अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल, अर्क आणि पावडरी बंद. जेवणातली भाजी, फळं, फोडणीची हळद चालू.

काही गोष्टी तर कुठल्याच टप्प्यावर नकोत. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा: त्यातलं ॲनोनासिन मज्जातंतूंना घातक आहे, आणि सिसप्लाटिन-पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांनी हातापायांना मुंग्या बऱ्याचदा येतात. जर्दाळूच्या बिया: पोटात सायनाइड तयार होतं. गुळवेल रोज महिनोन्‌महिने: यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातच आहेत. मिऱ्यातलं पायपरीन घातलेल्या करक्युमिनच्या कॅप्सूल: शोषण वाढवण्यासाठी ते घालतात, पण ते यकृतातली औषधं पचवणारी यंत्रणाही अडवतं, त्यामुळे औषधांची पातळी बदलू शकते.

खाण्याकडे वळू. ओटीपोटावरच्या रेडिएशनने आतडी नाजूक होतात. जुन्या पद्धतीप्रमाणे पहिल्या दिवसापासून सगळा चोथा बंद करायची गरज नाही. ब्रिटनमधल्या एका चाचणीत चोथा पुरेसा घेणाऱ्यांची आतडी पुढे बरी राहिली. पण जुलाब सुरू झाले की कच्ची कोबी, मका, शेव, मिरची बाजूला ठेवा. मऊ मुगाची खिचडी, ताक, केळं, सोललेला दुधी, शिजवलेलं सफरचंद यांवर या. डाळ, अंडं, पनीर यांतलं प्रोटीन रोज गेलंच पाहिजे. वजन घटणं ही या काळातली खरी अडचण आहे, मुक्त कण नव्हेत. सिसप्लाटिनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना लिटरमध्ये विचारून घ्या, कारण ते औषध मूत्रपिंडांना त्रास देतं. पांढऱ्या पेशी कमी असतील तर सराफ्यातली चाट आणि बाहेरचा रस बंद.

पॅक्लिटॅक्सेलचं नाव आलं, तर एक मुद्दाम सांगण्याजोगी गोष्ट. हे औषध पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून सापडलं, आणि शोधणाऱ्या दोघांपैकी एक, मन्सुख वाणी, मूळचे नंदुरबारचे. त्यांनी मन्रो वॉल यांच्यासोबत १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याआधी चिनी कॅम्पटोथिका झाडातून कॅम्पटोथेसिन काढलं होतं, त्याच्यापासून टोपोटेकॅन बनलं. दोन्ही औषधं आज पिशवीच्या तोंडाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये वापरतात. पण ती अँटिऑक्सिडंट म्हणून काम करत नाहीत, पेशींची विभागणी अडवणारी विषं आहेत. मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून, सलाइनमधून, रक्त तपासत देतात. वनस्पतीतून कॅन्सरचं औषध निघतंच, ते असं. सालीचा काढा करून नव्हे.

डॉक्टरांपुढे काय ठेवायचं

घरात जे काही चालू आहे, आयुर्वेदिक चूर्ण, ज्वाराचा (गव्हांकुरांचा) रस, पतसंस्थेतल्या ओळखीने घेतलेल्या ‘इम्युनिटी’ गोळ्या, सगळ्या बाटल्या पिशवीत भरून घेऊन जा. नाव सांगता येत नसेल तर लेबलचा फोटो चालेल. तीन प्रश्न विचारा: यातलं काय आज बंद करायचं, उपचार संपल्यावर किती दिवसांनी सुरू करता येईल, आणि यकृत-मूत्रपिंडांचे रिपोर्ट कसे आहेत. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. रागावले तरी त्यांना कळलेलं बरं. खर्चाची काळजी असेल तर आयुष्मान कार्ड निघतं का ते पहिल्याच भेटीत रुग्णालयाच्या काउंटरवर विचारा.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं साधारण तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते, ती चुकवू नका. रेडिएशनने पाळी लवकर गेली असेल तर हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची पातळी बघून घ्या. आतड्यांची तक्रार थांबली की ताटात भाज्या हळूहळू वाढवत पूर्वीच्या प्रमाणावर न्या: आधी शिजवलेल्या, मग कोशिंबिरी, शेवटी कच्चं.